जॅझच्या रेकॉर्डिंगवर सरकणारं नोटेशन: कर्सर आणि आवाज जुळत नाहीत

टेनर_सराव: सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'चं मूळ रेकॉर्डिंग (1959) आणि त्यावर सरकणारं स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) असा व्हिडिओ सरावाला घेतला आहे. पडद्यावर पहिला स्वर एफ शार्प दिसतो, पण टेनर सॅक्सोफोनवर एफ शार्प वाजवला की रेकॉर्डिंगशी जुळत नाही. शिवाय कर्सर (चालू जागा दाखवणारी खूण) आणि आवाज यांत जवळजवळ एका बीटचं (मात्रेचं) अंतर पडतं. दुसरं म्हणजे माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'चं असंच नोटेशन करायचं आहे. म्युझस्कोअर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून तयार आहे, सिंक कसं करावं?

बी_फ्लॅट: व्हिडिओतलं नोटेशन कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांत आहे. टेनरसाठी प्रत्येक स्वर एक पूर्ण टोन वर वाचा. एफ शार्प, डी, बी, जी, बी फ्लॅट ही सुरुवात तुमच्या बोटांना जी शार्प, ई, सी शार्प, ए, सी अशी येईल. अल्टो सॅक्सोफोनचं गणित वेगळं, ते टेनरवाल्यांनी उचलू नये.

अंतराचं कारण आधी हेडफोनमध्ये शोधा. या रेकॉर्डिंगचा टेम्पो मिनिटाला 286 बीटच्या आसपास आहे, म्हणजे एक बीट जेमतेम 210 मिलिसेकंद. ब्लूटूथचा आवाज 200 मिलिसेकंद उशिरा आला तर अख्खी बीट गेली. वायरचा हेडफोन लावून बघा. तरीही अंतर राहिलं तर ते सुरुवातीला आणि शेवटी सारखंच आहे का ते तपासा. सारखं असेल तर सगळा ऑडिओ तेवढा सरकवला की काम झालं. वाढत जात असेल तर नोटेशन दुसऱ्याच आवृत्तीवर बेतलेलं आहे.

वेग 0.5 वर ठेवा. पट्टी बदलत नाही आणि 143 च्या टेम्पोला डोळा पुढच्या बारवर (चार बीटांच्या गटावर) ठेवता येतो. कर्सरकडे बघत वाजवू नका. तो दिसेपर्यंत स्वर निघून गेलेला असतो.

राइड_सिंबल: 'सो व्हॉट'मध्ये आवृत्तीचा घोळ खरोखरच आहे. 2 मार्च 1959 च्या सत्रातलं टेप मशीन हळू चाललं होतं, त्यामुळे जुन्या प्रतींवर ही रचना किंचित चढी आणि जलद वाजते. 1990 च्या दशकातल्या पुनर्प्रकाशनांत ते दुरुस्त झालं. नऊ मिनिटांत एक टक्का फरक म्हणजे शेवटी पाच सेकंद. म्हणून आधी एक फाइल पक्की करा, मगच बीट टिपा.

सॉनिक व्ह्यूअलायझर या ऑडिओ तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, गाणं चालू ठेवा आणि सेमीकोलनची कळ दाबत जा. प्रत्येक दाबाला खूण पडते. ड्रममधला पायाने वाजणारा हाय-हॅट (झांजांची जोडी) बारच्या 2 आणि 4 या बीटांवर पडतो, कान तिथे ठेवा. नंतर वेग कमी करून खुणा सरकवा. पियानो आणि बासची सुरुवात मोकळ्या लयीत आहे, तिथे बीट मोजत बसू नका. प्रत्येक वाक्याच्या पहिल्या स्वराला खूण पुरे. बासची धून आली की बीट धरा.

टेनर_सराव: सोलोमध्ये प्रत्येक स्वराला खूण देऊ का? कर्सर ऑफबीटला (दोन बीटांच्या मधल्या स्वराला) लवकर पोचतो.

राइड_सिंबल: नका देऊ. एट्थ नोटा (अर्ध्या बीटचे स्वर) कागदावर सारख्या लिहिल्या तरी स्विंगमध्ये (जॅझच्या झुलत्या लयीत) दुसरी उशिरा येते. 136 च्या टेम्पोला बीट 441 मिलिसेकंदांची. कर्सर निम्म्यावर, 220 ला पोचतो आणि 2:1 स्विंगचा (पहिली नोट दुसरीच्या दुप्पट लांब) स्वर 294 ला. सॉफ्टवेअरमध्ये स्विंगची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर हा फरक राहू द्या.

सोलोवादक बीटवर मुद्दाम मागे रेलतो आणि ऑफबीटला पुष्कळदा ड्रमवादकाच्या राइड सिंबलशी (लय धरणाऱ्या झांजेशी) जुळतो. खुणा त्याच्या स्वरांना बांधल्या तर कर्सर त्याच्यासोबतच मागे सरकतो आणि ते रेलणं पडद्यावर दिसतच नाही. ते दिसावं म्हणून तर हा खटाटोप! खुणा ड्रम आणि बासवरच ठेवा, प्रत्येक बारला एक. जिथे टेम्पो हलतो तिथे चार.

बी_फ्लॅट: आणि व्हिडिओ बाहेर काढताना सेकंदाला 60 फ्रेम निवडा. 30 ला कर्सर 33 मिलिसेकंदांच्या उड्या घेतो, जलद रचनेत त्या खटकतात.