मदत हवी आहे: तोच एमपीआय जॉब, वेळ मात्र दर वेळी वेगळा

जॉब एमपीआयवर (अनेक प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवत एकत्र काम करण्याची पद्धत) चालतो. स्लर्मवरच्या (जॉब रांगेत लावून नोड वाटून देणारी प्रणाली) सामायिक क्लस्टरवर ४ नोड (म्हणजे संगणक), प्रत्येकी ३२ प्रोसेस. बायनरी तीच, इनपुट तेच, तरी जॉबला कधी २० मिनिटं लागतात, कधी ३५. एकाच नोडवर चालवला की वेळ स्थिर.

एक्सक्लुझिव्ह नोड (ज्यांवर दुसऱ्या कुणाचा जॉब नसतो) घेतले, प्रोसेस कोअरला बांधल्या, फाइलमध्ये लिहिणं पूर्ण बंद केलं, फरक तसाच. प्रोफाइलमध्ये (कुठल्या भागात किती वेळ गेला याच्या नोंदीत) जादा वेळ सगळा ऑलरिड्यूसमध्ये (सगळ्या प्रोसेसचे आकडे एकत्र करून निकाल सगळ्यांना देणारी पायरी) दिसतो. पण तिथे नेटवर्क तुंबतंय, की मागे पडलेली एखादी प्रोसेस बाकीच्यांना ताटकळत ठेवतेय, हे त्यावरून कळत नाही (प्रोफाइलर दोन्ही एकाच खात्यात टाकतो). रूट परवानगी नाही, नेटवर्क स्विचचे (नोड एकमेकांना जोडणारं उपकरण) काउंटर बघता येत नाहीत. एकाच स्विचखालचे नोड मागितले तर जॉब रांगेतच अडकतो.

साध्या युजरला यातलं नेमकं कारण कसं ओळखता येईल? ऑलरिड्यूसआधी बॅरिअर (सगळ्या प्रोसेस पोहोचेपर्यंत प्रत्येकीला थांबवणारी पायरी) टाकून दोन्ही वेळ वेगळे मोजणं पुरेल, की बॅरिअरमुळेच चित्र बदलेल?