वडगावच्या गल्ल्यांत सोलार कसं पोचवायचं?

वडगावकर: बेळगावात छतावर सोलार बसवायचा धंदा सुरू केलाय. टिळकवाडीतले बंगलेवाले पटकन तयार होतात. आमच्या वडगावात मात्र भिंतीला भिंत, वर पत्रा. केंद्राच्या सूर्यघर योजनेचं अनुदान दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तीनला ७८,०००. तरी लोक म्हणतात, 'राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंत वीज फुकट मिळतेय की.' मला माझ्याच माणसांपर्यंत हे न्यायचंय. काय करू?

अनगोळचा मेस्त्री: दादा, आधी पत्रा बघा. किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात. गंजलेल्या हुकावर स्टँड ठोकू नका, आपल्या पावसाळी वाऱ्यात उचकटेल. शेजारच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्खी ओळ मंदावते.

मागवाली, खासबाग: हे अनुदान घरच्या मीटरलाच, विणकामाच्या मागाच्या मीटरला नाही, आधीच सांगा, नाहीतर विश्वास जातो. आणि आमची मजुरी शनिवारी मिळते भाऊ, महिन्याचा हप्ता जड जातो. हरीश हांडेंच्या सेल्को या सोलार कंपनीनं १९९५ पासून कर्नाटकात कमाईच्या चालीनं हप्ते बसवून दाखवलेत.

वडगावकर: ताई, हे मनाला पटलं. आठवडी हप्त्यासाठी सोमवारी पतसंस्थेत बोलतो. सुरुवात २०० युनिटांवर वापर जाणाऱ्या घरांपासून. मेस्त्री, पत्रे बघायला याल काय?