व्हायकिंग स्त्रियांच्या खांद्याखालच्या त्या दोन वाट्या

प्रश्न (वेंगुर्ले):
शाळेच्या स्नेहसंमेलनात भाचीला व्हायकिंग स्त्रीचा वेश करायचा असून शिवणकाम माझ्याकडे आले आहे. चित्रांत दोन्ही खांद्यांखाली मंगळसूत्राच्या वाट्यांसारखे, पण मुठीएवढे फुगीर लंबगोल दागिने दिसतात आणि त्यांच्यामध्ये मण्यांच्या सरी लोंबतात. हे सौभाग्यलेणे समजावे का? ते वगळून गळ्यात नुसती माळ घातली तर चालेल का?

प्रतिसाद (रत्नागिरी):
चालणार नाही, कारण ती वाटी आधी टाचणी आहे आणि मग दागिना. आत लिननचा झगा आणि त्यावर पट्ट्यांवर तोललेले बिनबाह्यांचे लोकरी वस्त्र असे. पाठीकडून आलेली पट्टी आणि पुढच्या काठाचा छोटा फासा वाटीमागच्या सुईत अडकवला की वस्त्र अंगावर टिके. आपल्या लुगड्याचे हे काम गाठ आणि कासोटा करतात, त्यामुळे आपल्याला ती नुसती हौस वाटते. सौभाग्याशी तिचा संबंध जोडायला आधार दिसत नाही.

हे कळले कसे, ते अधिक रंजक आहे. स्वीडनमधील बिर्का या व्यापारी गावातल्या सुमारे १,१०० कबरी यालमार स्टोल्पे यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात उकरल्या. बाकी कापड मातीत कुजले. पण गंजणाऱ्या धातूला चिकटलेले फासे आणि पट्ट्यांचे नखभर तुकडे वाटीच्या पोकळीत शिल्लक राहिले. आपल्या खाऱ्या हवेत गंजलेल्या खिळ्यावर टांगलेले फडके ओढून पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. आग्नेस गायर यांनी या कापडांचा अभ्यास १९३८ मध्ये प्रसिद्ध केला.

प्रतिसाद (चौल):
मणी बहुतेक काचेचे, थोडे स्फटिकाचे आणि तांबड्या अकीकाचे असत. अकीक पूर्वेकडून व्यापाराने तिथवर जाई, म्हणून आमच्या बंदराचे नाव त्याला जोडण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. वाटीला कधी किल्ली, सुरी किंवा सुयांची नळीही टांगलेली असे, म्हणजे आपला छल्लाच, फक्त कमरेऐवजी छातीवर.

प्रश्नकर्ती:
आभार. देवघरातल्या दोन छोट्या पितळी वाट्यांना कासाराकडून मागे पिन डाखवून घेते.

प्रतिसाद (रत्नागिरी):
पितळ जड पडेल आणि सुती कापड ओढले जाईल, तेव्हा पट्ट्या आधी पक्क्या शिवा आणि पिन दुहेरी कापडातून घाला. माळ मात्र गळ्यात नको, दोन वाट्यांच्या मध्येच असू द्या.