चेक, स्लोव्हाक आणि मधे बसलेली इंग्रजी: एका शब्दाचे तीन अर्थ असतील तर मराठीत कुठला लिहायचा?

मुलुंडची_शब्दवेडी:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण वाचा प्लीज, मला खरंच मदत हवीय.

मी मुलुंडला राहते, घरून भाषांतराची कामं करते. मागच्या वर्षी एका टूरवाल्यांचं काम आलं होतं, त्यांचे मराठी ग्रुप चेकमधल्या प्रागला आणि स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला जातात, त्या लोकांसाठी खिशात मावेल अशी शब्दांची पुस्तिका करायची होती. एक्सेल शीट तयारच आली, पहिला कॉलम चेक, दुसरा स्लोव्हाक, तिसरा इंग्रजी आणि चौथा रिकामा, तो मी भरायचा. तेव्हा मला चेकचं एक अक्षर येत नव्हतं, मी सरळ इंग्रजीवरून मराठी लिहीत गेले आणि काम दिलं.

मग ग्रुप परत आला आणि त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. ब्रातिस्लाव्हात एक काकू थंडीने कुडकुडत कॅफेत गेल्या, पुस्तिकेतलं 'गरम चॉकलेट' काढून त्याच्यासमोरचं 'होर्का चोकोलादा' तिथल्या मुलीला दाखवलं, तर तिने काउंटरवरची कडू डार्क चॉकलेटची वडी आणून ठेवली. हे एक वेळ चालेल. पण दुसरं मला फार लागलं. स्टेशनवर 'वीखोद' अशी पाटी होती, पुस्तिकेत मी 'पूर्व' लिहिलेलं कारण इंग्रजी कॉलममधे तसंच होतं. एका आजोबांना वाटलं आपल्याकडे मुलुंड ईस्ट मुलुंड वेस्ट असतं तसंच असणार, बस पश्चिमेला उभी आहे म्हणाले आणि ते पश्चिमेची पाटी शोधत फलाटावर फिरत राहिले, बाकी ग्रुप बाहेर. पाऊण तास. पंचाहत्तरीचा माणूस, परका देश, फोन लागत नाही. पाटीचा अर्थ होता 'बाहेर जाण्याचा रस्ता'.

त्या दिवसापासून मी चेक शिकायला घेतलंय, आठ महिने झाले. आता दुसरी आवृत्ती करायचीय आणि ती चोख झाली पाहिजे. प्रश्न दोन आहेत. इंग्रजी कॉलमवर कितपत विसंबायचं? आणि ज्या शब्दाला तीन तीन अर्थ आहेत तो एवढ्याशा चौकटीत कसा लिहायचा?

परळकर_सबटायटल:

ताई, आधी एक सांगतो, वीखोद म्हणजे पूर्व हे खोटं नाही. पूर्व दिशा, बाहेर जायचं दार आणि सूर्योदय, तिन्हीला चेकमधे तोच शब्द. 'वी' म्हणजे बाहेर आणि 'खोद' म्हणजे चालणं जाणं, दारातून माणूस बाहेर जातो आणि क्षितिजातून सूर्य बाहेर येतो. आपल्याकडे गावाला उगवतीला, मावळतीला म्हणतात ना, 'शेत मावळतीला आहे', तसंच हे. पश्चिमेला 'झापाद' आणि सूर्यास्तालाही झापादच. म्हणून शब्द एकटा कधी वाचू नका, शेजारी कोण बसलंय ते बघा. शेजारी 'स्लुन्त्से' असेल तर सूर्य आला म्हणजे सूर्योदय, पाटीवर बाण असेल तर बाहेर. पुस्तिकेत पाट्यांचं पान वेगळं असेल तर त्या पानावर पूर्व हा शब्द यायलाच नको.

मी सबटायटलची कामं करतो, तिथे रोज हेच. एकदा चेक सीरियलची इंग्रजी फाइल आली, त्यात बाई दाराशी उभी राहून म्हणते 'किल्ली राजवाड्यात आहे'. सीन बघितला तर समोर साधा फ्लॅटचा दरवाजा आणि किल्ली कुलपात लटकलेली. चेकमधे 'झामेक' म्हणजे कुलूप आणि झामेक म्हणजे राजवाडासुद्धा. आणि टूरच्या पुस्तिकेत हा शब्द येणारच, कारण तिकडे असले वाडे पावलोपावली. तिथे अजून एक गोष्ट बघा, चेकमधे 'ह्राद' म्हणजे तटबंदीवाला किल्ला आणि 'झामेक' म्हणजे राहायचा राजवाडा, इंग्रजी बऱ्याचदा दोघांना एकच शब्द देऊन मोकळी होते. आपल्याला काय गरज? आपल्याकडे रायगड आणि शनिवारवाडा यात गल्लत कोणी करत नाही. किल्ला आणि राजवाडा असे दोन शब्द हातात आहेत ते वापरा. प्रागमधला डोंगरावरचा तो किल्लाच.

माझं मत विचाराल तर इंग्रजी कॉलम काढूनच टाका.

गोरेगाव_ते_ब्रनो:

परळकर दादा, इंग्रजी काढू नका ओ, सांगतो का ते.

मी चेकमधल्या ब्रनो शहरात तीन वर्षं नोकरीला होतो, टीममधे निम्मे चेक निम्मे स्लोव्हाक. ते आपापल्या भाषेत बोलतात आणि समोरच्याला कळतं, १९९२ संपेपर्यंत देश एकच होता, १ जानेवारी १९९३ ला दोन झाले, त्यामुळे जुन्या लोकांच्या कानात दोन्ही भाषा आहेत. पण परक्या माणसाला त्यामुळेच वाटतं की सारखं दिसतं म्हणजे सारखंच असणार, आणि ताईंच्या शीटमधे तेच झालंय. चेकमधे होर्की म्हणजे गरम. स्लोव्हाकमधे होर्की म्हणजे कडू. चेक कडूसाठी र वर छोटी उलटी टोपी असते, तो उच्चार र आणि श एकदम केल्यासारखा, होर्श्की असा काहीतरी, आमच्या ऑफिसात मला तो शेवटपर्यंत जमला नाही. स्लोव्हाकला गरम चॉकलेट हवं असेल तर 'होरूत्सा चोकोलादा'. म्हणजे शीट बनवणाऱ्याने चेकचा शब्द उचलून स्लोव्हाकमधे तसाच चिकटवला.

असे अजून आठवतात तेवढे लिहितो. 'पोकोय' चेकमधे खोली पण आहे आणि शांतता पण, स्लोव्हाकमधे आता शांतताच, खोलीला ते 'इझ्बा' म्हणतात, हॉटेलात लागेल. 'पिव्न्यित्से' चेकमधे बिअर प्यायची जागा, स्लोव्हाक 'पिव्न्यित्सा' म्हणजे तळघर. 'खुदी' चेकमधे गरीब, स्लोव्हाकमधे बारीक अंगाचा. 'कापुस्ता' स्लोव्हाकमधे आपला साधा पांढरा कोबी, चेकमधे तोच शब्द सुरकुतलेल्या पानांच्या वेगळ्या कोबीला आणि साध्या कोबीला तिकडे 'झेली'. 'स्ताव्का' हा भारी आहे, चेकमधे संप आणि स्लोव्हाकमधे पैज. ब्रातिस्लाव्हात दुकानावर स्ताव्कोवा असं काही दिसलं तर ते पैजा लावायचं दुकान आहे, संपाचं ऑफिस नाही. कोणी चेक शिकून गेलेला असेल तर हमखास फसेल.

आणि फॉर्मवरचा शब्द, माझ्यासोबत झालेलं. घर भाड्याने घेताना कागदावर 'स्वोबोद्नी' होतं, मी मोबाइलला विचारलं तर म्हणे स्वतंत्र, मुक्त. मी म्हटलं मी तुरुंगातून सुटलोय का काय विचारतायत. वैवाहिक स्थिती विचारत होते, अविवाहित. स्लोव्हाकमधे 'स्लोबोद्नी', तोच अर्थ. म्हणून म्हणतो इंग्रजी ठेवा पण खरं खोटं तपासायला ठेवा. तिन्ही कॉलम आपसात जुळत नसतील तिथे थांबायचं, आणि चेक आणि स्लोव्हाक अक्षर न अक्षर सारखे दिसले तर तिथे जास्तच थांबायचं.

गिरगावचे_संस्कृतवाले:

मुलांनो, मी शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं. माझी सून प्रागची आहे, तिच्यामुळे या वयात चेकचा नाद लागला. विषय निघालाय म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे मराठी शेवटच्या कॉलममधे बसवताय. मला वाटतं ती चेकच्या शेजारी बसवून बघा. चेकमधे 'रुका' म्हणजे हात, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा. 'नोहा' म्हणजे पाय, सगळा. हाताचं असो की पायाचं, बोटाला एकच शब्द, प आणि स्त यांच्या मधे नुसता र, स्वर नाहीच, आपण 'पृस्त' लिहू शकतो कारण आपल्याकडे ऋकार आहे. इंग्रजीला प्रत्येक ठिकाणी दोन दोन शब्द लागतात, मराठीला लागत नाहीत. औषधाच्या दुकानात 'बोट सुजलंय' म्हणायला मराठी माणसाला इंग्रजीच्या दारातून जायची काही गरज नाही.

आता 'लिस्त' बघा. चेकमधे झाडाचं पान आणि कागदाचा ताव. स्लोव्हाकमधे या दोन्हींशिवाय टपालाने येतं ते पत्रसुद्धा, चेक लोक पत्राला 'दोपिस' म्हणतात. आणि आपलं? पत्र म्हणजे संस्कृतात पान, त्यावर मजकूर लिहिला आणि मराठीत ते टपालात पडलं. बिल्वपत्र म्हणतो तेव्हा झाडाचं, पत्र आलं म्हणतो तेव्हा पोस्टमनचं. पान म्हणाल तर पिंपळाचं, वहीचं, विड्याचं, जेवणाचं. कुठल्याही मराठी घरात 'पानं घ्या' म्हटल्यावर कोणी वही आणत नाही. हा सराव आपल्याला लहानपणापासून आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेक 'ओको' म्हणजे डोळा, संस्कृत अक्षि त्याच कुळातला. याचं अनेकवचन दोन प्रकारे होतं. माणसाचे डोळे म्हणायचे तर 'ओची', आणि जाळ्याची भोकं किंवा सूपवर तरंगणारे तेलाचे गोल थेंब म्हणायचे तर 'ओका'. ओची हे जुन्या द्विवचनाचं शिल्लक राहिलेलं रूप. कानाचं तसंच, 'उशी' म्हणजे दोन कान आणि 'उखा' म्हणजे भांड्याचे कान. सुनेने पहिल्यांदा सूप केलं तेव्हा वाडग्यात बोट दाखवून मला हे सांगितलं. तीस वर्षं मी मुलांकडून द्विवचन घोकून घेतलं, आणि ते माझ्यासमोर सूपच्या वाडग्यावरून निघालं. मला भरून आलं होतं. सांगायचा मुद्दा, रूपाकडे लक्ष द्या, पुष्कळदा अर्थ तिथेच उघड असतो.

अंबरनाथ_वर्कशॉप:

काकांच्या लिस्तला माझ्याकडून एक जोड. आमच्याकडे चेक बँडसॉ मशीन आहे, त्याच्या पार्ट्सच्या यादीत करवतीच्या पात्याला पण लिस्तच लिहिलेलं असतं, आधी 'करवतीचं' असं येतं आणि मग लिस्त. त्याचं कोणीतरी इंग्रजीत झाडाचं पान करून पाठवलेलं, आमचा स्टोअरवाला दोन दिवस डोकं धरून बसला होता. मी त्याला म्हटलं अरे गवताचं पातं आणि करवतीचं पातं, आपण तरी वेगळं काय म्हणतो.

मुलुंडची_शब्दवेडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून मी लगेच शीट उघडली. औषधाच्या पानावर रुका दोनदा होता, इंग्रजीत दोन वेगळे शब्द होते म्हणून मी मराठीत एकदा 'हात' आणि एकदा 'बाहू' लिहिलं होतं. बाहू! केमिस्टकडे जाऊन कोण म्हणतं माझा बाहू दुखतोय. दोन्ही ओळी मिळून एक केली, 'हात'.

काल रात्री दीड वाजेपर्यंत बसून नवीन मांडणी केली. आता विषयाप्रमाणे पानं, स्टेशन, हॉटेल, खाणं, औषध, दुकान, आणि मराठी कॉलम सगळ्यात पहिला. प्रत्येक शब्द जिथे दिसणार तिथलाच अर्थ. स्टेशनच्या पानावर 'बाहेर जायचा रस्ता', दोन्हीकडे वीखोद. हॉटेलच्या पानावर 'खोली', चेक पोकोय, स्लोव्हाक इझ्बा. खाण्याच्या पानावर 'गरम चॉकलेट' आणि 'कडू चॉकलेट' एकाखाली एक, म्हणजे फरक डोळ्यात भरेल. इंग्रजी ठेवलीय, पण शेवटी आणि बारीक अक्षरात.

एकच अडलंय. स्लोव्हाक दुकानाच्या पाटीवर 'झ्ल्यावा' असतं. एका ठिकाणी अर्थ मिळाला 'डावीकडून' आणि एका ठिकाणी वेगळाच. नक्की काय?

गोरेगाव_ते_ब्रनो:

दोन्ही बरोबर. पुढे टक्के लिहिलेले असतील तर सूट, रस्ता सांगत असतील तर डावीकडून. चेकमधे दोन वेगळे शब्द आहेत, सूट म्हणजे 'स्लेव्हा' आणि डावीकडून 'झ्लेव्हा', ऐकायला खूप जवळ. दुकानाच्या पानावर सूट एवढंच लिहा.

परळकर_सबटायटल:

सूट लिहाल तर पुढे टक्क्याचं चिन्ह छापा ताई. नाहीतर कपड्याच्या दुकानात आपल्याच माणसाला वाटेल कोट-पँटचा सूट.

मुलुंडची_शब्दवेडी:

बरोबर, हे डोक्यातच आलं नव्हतं. 'किमतीत सूट' करते, चिन्हासकट. शुक्रवारी फाइल जातेय, आणि स्टेशनचं पान मी आधी त्या आजोबांना दाखवायला ठाण्याला जाणार आहे, त्यांच्या मुलीशी बोलणं झालंय.