लेक दिवसभर एसटी-एसटी खेळते. खेळ कमी करू का?

सातारची_आई
लेक पुढच्या महिन्यात पाचची होईल. एसटीच्या पाट्या बघत बघत साडेतीन वर्षांची असतानाच वाचायला लागली, आम्ही मुद्दाम काही शिकवलं नव्हतं. गेले चार महिने आमच्या हॉलमध्ये स्टँड आहे. कपड्यांचे चिमटे म्हणजे गाड्या, सोफ्याखाली डेपो. एका चिमट्याची स्प्रिंग निघाली, तर तो मला टाकू दिला नाही. 'ब्रेकडाऊन' म्हणून तीन दिवस डेपोत उभा होता आणि त्याची मेढ्याची फेरी दुसऱ्या चिमट्याला दिली होती. बायकांना अर्धं तिकीट हे तिला पक्कं ठाऊक, त्यामुळे आजीकडून तिसाचे पंधराच घेते.

शाळेतून मात्र वहीत शेरा आला, 'लक्ष नसते, स्वतःच्याच जगात असते.' रेघा गिरवायची पानं अर्धवट सोडते. एका क्लासवाल्यांनी चाचणी घेऊन ती 'व्हिज्युअल लर्नर', म्हणजे बघून शिकणारी, आहे म्हणून सांगितलं. फ्लॅशकार्डांचा कोर्स, सहा हजार. बिल्डिंगमधली मुलं आली की दहा मिनिटांत खेळ मोडतो. त्यांना गाडी नुसती पळवायची असते, हिला ती वेळेवर सोडायची असते. मग जे रडते, ते बघवत नाही.

नदीकाठ
बी.एड.ला मानसशास्त्र शिकवतो. सहा हजार वाचवा. मुलाची शिकण्याची शैली ओळखून त्याप्रमाणे शिकवलं की मूल जास्त शिकतं, या दाव्याचा पुरावा चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली तपासला. तो पुरेसा निघाला नाही.

खेळ मात्र अजिबात कमी करू नका. काठीचा घोडा करणारं मूल वस्तूपासून अर्थ वेगळा काढायला शिकतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की सांगत. चिमटा म्हणजे गाडी, तसंच 'क' ही खूण म्हणजे एक आवाज; लिहिण्या-वाचण्याची पूर्वतयारी अशा खेळात होते, असं त्यांचं मत होतं.

बालवाडीच्या_ताई
एकतीस वर्षं बालवाडीत काढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, त्याच वाटेवरची मी. शंख-शिंपले, बिया, खडे हेच आमचं साहित्य. तुमचे चिमटे त्याच जातीचे.

अशा मुलांचं डोकं पुढे धावतं, पण बोटं पाच वर्षांचीच असतात आणि रडूही पाच वर्षांचंच. मनात आख्खं वेळापत्रक तयार असतं आणि हातून सरळ रेघ येत नाही, याचा त्यांना फार राग येतो. पान अर्धवट राहतं ते बहुतेक त्यामुळे. बाईंना हे समोर बसून सांगा, चिठ्ठी पाठवू नका.

घरी तुम्ही प्रवासी व्हा. 'पंधरा आणि पंधरा किती?' असं खेळात शिरून विचारू नका, त्याची परीक्षा होते. दोन तिकिटं मागा आणि सुटे पैसे नाहीत म्हणा. आणि दुसरी-तिसरीतलं एखादं मूल जोडीला बघा. नियम पाळण्यातली मजा त्या वयाला कळते.

सातारची_आई
ताई, काल पिशवी घेऊन सोफ्याजवळ उभी राहिले. "मेढ्याची गाडी लागली का हो?"
"लागलीय, पण पाटी नाही. थांबा."
खडू घेऊन बसली. ढ उलटा आला, पुसला, परत उलटा. चौथ्यांदा सुलटा आला, तोवर मी अर्धा तास उभीच. शेजारचा तिसरीतला मुलगा आज ड्रायव्हर म्हणून आलाय. अजून रडारड नाही. शाळेत शुक्रवारी जाते.