ग्राफिक कार्ड तापतंय, पंखा ओरडतोय : खान्देशातले आपापले अनुभव लिहा

भुसावळ, फोटो स्टुडिओ

राम राम मंडळी. लग्नसराई ऐन भरात आहे आणि माझं मशीन दुपारी बारानंतर चालेनासं होतं. मशीनमधलं चित्रं-व्हिडिओचं काम उचलणारं ग्राफिक कार्ड जीटीएक्स १०६०, सहा जीबीचं, २०१७ साली घेतलेलं. नऊ वर्षं त्याच्यावर अल्बम लावले, व्हिडिओ कापले, कधी कुरकुर नव्हती. यंदा एप्रिल लागला आणि पंख्याची घरघर सुरू झाली. गेल्या आठवड्यात एका हळदीचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला, तर तापमान ८३ वर जाऊन बसलं ते हलेचना. कार्डानं आपला वेग उतरवला आणि पाऊण तासाचं काम पावणेदोन तासांवर गेलं. आवाज एवढा की शेजारच्या खोलीत आडवे झालेले वडील उठून आले. म्हणाले, "हाऊ डबा इतला काब्र बोंबलस रे?"

दुकानदार म्हणतो, जुनं झालं, नवं घ्या, सोळा-सतरा हजार. पार्ट्या अल्बमचे पैसे पावसाळ्यापर्यंत सावकाश देतात, त्यामुळे एवढी रक्कम आत्ता काढणं जड आहे. आणि खरं सांगायचं तर या कार्डावर माझा जीव आहे. स्टुडिओतली पहिली मोठी खरेदी हीच.

आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत ज्यांनी असं कार्ड उघडलंय, पंखे बदललेत किंवा शेवटी नवंच घेतलंय, त्यांनी लिहा. काय केलं, किती अंश उतरलं, किती खर्च आला, काय चुकलं. चुकलेलं तर नक्की लिहा.

दीपनगर, वीजकेंद्रातून निवृत्त

भाऊ, ८३ हा आकडा एकटा काही सांगत नाही. त्या वेळी खोलीत किती होतं ते सांगा.

आमच्या औष्णिक केंद्रात दर उन्हाळ्यात हेच असायचं. कंडेन्सरला, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागाला, येणारं थंड पाणीच गरम, त्यामुळे तिथला व्हॅक्युम घसरायचा. नवीन पोरं यंत्रात दोष शोधायची. पण यंत्र ठीक असायचं, उन्हाळा मध्ये आलेला असायचा. तुमच्या कार्डाचंही तसंच. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच वर सरकतं. म्हणून कार्डाच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि तो फरक वहीत लिहा. सोबत पंखा किती टक्क्यांवर होता तेही. कारण पंखा जास्त पळवून कार्ड आपला ताप लपवतं.

माझ्याकडे नातवाचं कार्ड आहे. डिसेंबरात खोली २४, कार्ड ६६. मे महिन्यात खोली ३९, कार्ड ८१. फरक दोन्ही वेळा ४२. म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही, त्याला हात लावायचा नाही, खोलीचं बघायचं. फरक ५५-६० कडे गेला तर मात्र आत कचरा आहे नाहीतर चिपची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंककडे नेणारी पेस्ट वाळली आहे.

बोदवड, जिनिंगमध्ये हिशेबनीस

आमच्याकडे दिवाळीपासून कापूस यायला लागतो आणि हवेत रुईचे तंतू उडत राहतात. ऑफिसचं दार लावलं तरी येतात. हे तंतू धुळीसारखे नुसते बसत नाहीत, एकमेकांत गुंतून त्यांचा नमदा, म्हणजे घट्ट जाड थर, होतो.

मी दर महिन्याला ब्लोअर मारायचो आणि मशीन स्वच्छ आहे असं समजायचो. तरी कार्ड ८८ वर. एका रविवारी चार स्क्रू काढून पंख्यांची प्लॅस्टिकची चौकट उचलली. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मधे, वरून दिसूच शकणार नाही अशा जागी, गोधडीच्या अस्तरासारखा करडा थर. बोटानं एका बाजूनं उचलला तर सबंध निघून आला. माझा ब्लोअर तो थर बाहेर काढत नव्हता, आणखी आत दाबत होता. नंतर रंगाचा मऊ ब्रश फिरवला, पुन्हा बसवलं. खोली तीच, काम तेच, ८८ चं ७१ झालं. खर्च शून्य.

ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं तो मोकळा फिरवला तर ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो, बेअरिंग जातं, आणि मोटर उलटी वीज कार्डात पाठवू शकते. आमच्याकडे एक पंखा असाच गेला. आणि पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको. त्या हवेतून पाणी आणि तेलाचे कण येतात.

धुळे, इंटिरियर डिझायनर

दादा, आवाज नेमका कशाचा हे आधी ठरवा, मग स्क्रूड्रायव्हर घ्या. मी हे न केल्यामुळे माझे दोन हजार रुपये वाया गेले.

ल्युमिऑनमध्ये, म्हणजे डिझाइनची खरी वाटणारी चित्रं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रेंडर लावलं की माझं कार्ड चिरचिरायचं. पंखाच असणार म्हणून मी पंख्यांची जोडी मागवून बदलून घेतली. चिरचिर तशीच. नंतर कळलं की तो आवाज कार्डावरच्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचा, होता. त्यांच्यातून वीज फार झपाट्यानं कमीजास्त होते तेव्हा त्या थरथरतात. त्यानं कार्डाला अपाय होत नाही. फ्रेम्सना सेकंदाला ६० ची मर्यादा घातली आणि कामाच्या खिडकीतली चिरचिर जवळजवळ थांबली.

ओळखायचं असं. एमएसआय आफ्टरबर्नर हा कार्डाचा पंखा आणि वीज हातानं ठरवायचा प्रोग्रॅम घ्या, कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. पंखा हातानं ३० टक्के, मग ५०, मग ७० करा. आवाज पंख्याबरोबर बदलला तर पंखा. पंखा तोच ठेवून कामाचा भार बदलल्यावर आवाज बदलला तर कॉइल. दोन पंखे असतील तर कागदाची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं पंख्याजवळ धरा. कोणता घरघरतो ते लगेच समजतं. आणि एखादी केबल पात्याला घासत नाही ना, तेही बघून घ्या.

दुसरी गोष्ट कॅबिनेटची. माझं पुढून अख्ख्या काचेचं होतं, दिसायला देखणं. काच काढून ठेवली आणि कार्ड नऊ अंशांनी उतरलं. आता पुढे जाळी आहे, आत ओढणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक. हवा आत जास्त येते, बाहेर कमी जाते, त्यामुळे फटींमधून धूळ शिरत नाही. जाळी दर पंधरा दिवसांनी धुते. धुळ्याच्या हवेत महिना थांबून चालत नाही.

सावदा, केळीची शेती

कूलरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कृपा करून कूलरचं तोंड कॅबिनेटकडे करू नका.

मी दोन उन्हाळे तसंच केलं. कार्ड खरंच थंड राहायचं, ६५ च्या वर जात नव्हतं, मी निर्धास्त. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. कूलरच्या वाऱ्याबरोबर बारीक तुषार येत होते, ते कधी डोळ्यांना दिसले नाहीत. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये स्क्रीनवर आडव्या रेघा आल्या आणि मशीन बंद पडलं. कार्ड काढलं तर मागची पट्टी गंजलेली, सर्किटवर पांढरी पुटं, खाचेत बसणाऱ्या सोनेरी पिनांपैकी काही काळ्या. मुलाच्या बारावीनंतर त्याला हौसेनं घेऊन दिलेलं कार्ड होतं. त्याचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

आता कूलर खिडकीत असतो, मशीन त्याच्या सरळ झोतात नसतं, आणि समोरची खिडकी उघडी ठेवतो म्हणजे दमट हवा निघून जाते. कॅबिनेट जमिनीवरून फूटभर उचललंय.

चोपडा

थोडक्यात सांगतो. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं किती वीज घ्यायची ती मर्यादा, १०० टक्क्यांवरून ७५ केलं. आठ अंश कमी, पंखा निम्मा शांत, एक्स्पोर्टला दर तासाला तीन-चार मिनिटं जास्त लागतात. हे आजच करून बघता येईल, काही उघडावं लागत नाही. उन्हाळाभर मी तसंच ठेवतो.

अमळनेर, कॉलेजमध्ये

माझं कार्ड आरएक्स ५८०, सेकंडहँड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं रात्रंदिवस चालवून चलन मिळवणं, ग्राफिक कार्डांवर करणं बंद झालं आणि वापरलेली कार्डं स्वस्तात बाजारात आली, त्यातलंच. विकणारा म्हणाला फक्त गेमसाठी वापरलंय. घरी आणून गेम लावला तर दहा मिनिटांत ९० आणि पंखा विमानासारखा.

उघडलं. पेस्ट वाळून खडू झालेली. मेमरीच्या चिपांवरचे थर्मल पॅड, म्हणजे उष्णता हीटसिंकला देणाऱ्या मऊ पट्ट्या, तेल सोडून चिकट झालेले, एक तर हात लावताच तुकडे तुकडे. पेस्ट काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं आणि चष्म्याचं कापड. इथपर्यंत सगळं नीट झालं.

चूक पुढे झाली. पॅडची जाडी न मोजता मी २ मिलिमीटरचे आणले, जाड म्हणजे चांगले असं वाटलं. बसवलं, चालू केलं, मिनिटभरात ९५. मी घाबरून वीजच बंद केली. मेकॅनिकल शिकणाऱ्या मित्राच्या लक्षात आलं: पॅड जाड झाले की हीटसिंक त्यांच्यावरच टेकतो आणि मधल्या मुख्य चिपपर्यंत पोचतच नाही. उघडून पाहिलं तर पेस्टवर हीटसिंकचा ठसाही नव्हता. जुन्या पॅडचा न दबलेला कोपरा व्हर्नियरनं मोजला, दीड मिलिमीटर निघाला. तेवढे बसवले. आता ७२.

भुसावळचे दादा, तुम्ही उघडाल तेव्हा या गोष्टी सांभाळा. हीटसिंक एकदम उपसू नका, खाली पंख्याची वायर कार्डाला जोडलेली असते. आधी थोडा वेळ काहीतरी चालवून कार्ड कोमट करा, मग बंद करून, प्लग काढून उघडा, म्हणजे वाळलेली पेस्ट सुटते. चिपवर पेस्ट पातळ पण सगळीकडे पसरवा, कारण इथे प्रोसेसरसारखं वर धातूचं झाकण नसतं. चिपभोवतीचे स्प्रिंगवाले चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत, थोडे थोडे करत आवळा.

शहादा, शिलाई मशीन दुरुस्ती

पंख्याच्या घरघरीवर माझा हातखंडा उपाय शिलाई मशीनचं तेल. पंख्याच्या मधला स्टिकर अलगद उचलायचा. खाली रबरी बूच असेल तर काढून सुईच्या टोकानं एकच थेंब. पंखा हातानं फिरवायचा, जादाचं तेल पुसायचं, स्टिकर परत. गंज सोडवायचे स्प्रे येतात ते मारू नका. ते आतलं मूळचं वंगण धुवून नेतात आणि स्वतः उडून जातात. दोन दिवस शांत, मग पहिल्यापेक्षा जास्त आवाज.

तेलाचा गुण किती दिवस, तर माझ्या कार्डाला चार महिने. पंख्याचा दांडा ज्यात फिरतो तो बुश एकदा झिजला की तेल त्याला भरून काढत नाही. शेवटी पंखे बदलले, जोडी ९५० रुपयांना ऑनलाइन. पंख्याच्या मागे मॉडेल नंबर असतो तोच शोधायचा, नुसतं कार्डाचं नाव टाकून घेऊ नका, कारण एकाच कार्डाला वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगळे पंखे. पात्याचा व्यास, स्क्रूच्या भोकांतलं अंतर, वायरीच्या पिना किती, हे तिन्ही जुळलं पाहिजे.

नंदुरबार

कार्ड वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी नीट विचार करा. माझ्या कार्डाच्या एका स्क्रूवर स्टिकर होता, तो मी फाडला आणि सर्व्हिस सेंटरनं हात वर केले. भाच्यानं मात्र न उघडता पाठवलं, सीरियल नंबरचा फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ सोबत दिला. सहा आठवडे लागले, पण बदलून मिळालं.

भुसावळ, फोटो स्टुडिओ

मंडळी, तुम्ही एवढ्या आपुलकीनं लिहिलंत, आता माझं सांगतो.

दीपनगरच्या काकांचं ऐकून वही केली. खोली ३८, कार्ड ८३, पंखा ९२ टक्के. फरक ४५ दिसतो, पण तो पंखा जीव तोडून पळतोय म्हणून, आणि कार्डानं वेगही उतरवलेला. म्हणजे आत काम होतं. चोपड्याच्या भाऊंचं पॉवर लिमिट त्याच रात्री लावलं, त्यावर दोन लग्नांची कामं वेळेत दिली.

रविवारी उघडलं. नमदा होताच, बोदवडइतका जाड नाही. पेस्ट वाळलेली. पॅड मोजले, शाबूत होते, तसेच ठेवले. नवी पेस्ट ४५० रुपये. लिमिट परत १०० वर नेऊन तीच खोली, तेच एक्स्पोर्ट: ७१, पंखा ५८ टक्के, बेचाळीस मिनिटं. पण घरघर राहिलीच. कागदाची नळी लावली तर डावा पंखा. तेल न घालता सरळ जोडीच मागवली, परवा बसवली. आता वडील दुपारी झोपतात.

नव्या कार्डाचाही विचार केला. १०६० च्या पिढीला ती बनवणाऱ्या एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, देणं थांबवलंय, फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. म्हणजे कधीतरी बदलावं लागेलच. तेव्हा आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीवालं बघेन. ते ७० वॅटचं, मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेतं, माझं १२० वॅटचं आहे. निम्म्याच्या आसपास उष्णता म्हणजे भुसावळात मोठी गोष्ट. पण ते दिवाळीला, हिशेब मिटल्यावर.

शहादा, शिलाई मशीन दुरुस्ती

भाऊ, जुन्या जोडीतला उजवा पंखा चांगला असेल तर टाकू नका. इथे एका पोराचं हेच कार्ड आहे, त्याचा उजवाच गेलाय. मॉडेल नंबर कळवा.

भुसावळ, फोटो स्टुडिओ

नंबरचा फोटो पाठवला. चार पिनांची वायर आहे, बेअरिंग शांत आहे. शनिवारी शूटिंगला शिरपुरात येतोय, तिथून घेऊन जा. पैसे नकोत.