साठीनंतर कासव : स्टार नको, स्लायडरचा हिशेब बघा

ग्रुपवर एका काकांनी विचारलंय, पासष्टीत कासव पाळायला आणावं का. त्यांना कुणीतरी स्टार कासव (पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेलं) सुचवलंय. ते डोक्यातून काढाच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे, दुकानात चोरून मिळत असलं तरी.

राहतं लाल कानाचं स्लायडर, म्हणजे पाण्यातलं परदेशी कासव. दुकानात तळहातावर मावतं, पण मादी 25-30 सेंमी होते आणि नीट सांभाळली तर सहज 30 वर्षं जगते. तिला निदान 400 लिटरची टाकी लागते. नुसतं पाणीच 400 किलो, त्यामुळे वरच्या मजल्यावर ठेवण्याआधी स्लॅबचा विचार करा. बादल्या उपसायला कंबर हवी. त्यापेक्षा तळाला कॉक बसवून पाइप थेट मोरीत सोडा. हे पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, साल्मोनेलाची (पोट बिघडवणाऱ्या जंतूंची) भीती असते.

खरी चूक होते ती उजेडात. खिडकीतलं ऊन पुरतं असं वाटतं, पण काच उन्हातले युव्हीबी (अतिनील) किरण अडवते. त्यात आपल्या कोल्हापुरात जुलै-ऑगस्टात ऊन दिसतंय कुठं? युव्हीबी नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. म्हणून युव्हीबी ट्यूब लावा, आणि ती पेटत असली तरी वर्षाने बदला, तोवर तिचं युव्हीबी घटलेलं असतं. बसायच्या फळीवर ऊब 32 अंशांच्या आसपास हवी.

माझं मत विचाराल तर पिल्लू नकोच. कुणाला नकोसं झालेलं दहा-बारा वर्षांचं स्लायडर घ्या. तरीही पुढे कोण सांभाळणार ते त्या माणसाला विचारून, खर्चाच्या रकमेसकट मृत्युपत्रात लिहा. नाहीतर घरचे ते रंकाळा तलावात सोडतात, आणि तिथल्या देशी कासवांच्या वाट्याचं खाणं, जागा ते बळकावतं.